बागेची नळी व तिचे न जुळणारे सांधे

एकत्र कुटुंबाच्या घरांत ज्या वस्तूंची मालकी कोणा एकाची नसते, त्यांचे हाल विशेष होतात. बागेस पाणी घालण्याची नळी ही अशा वस्तूंत अग्रगण्य होय. ती विकत आणतो एक, वापरतो दुसरा, उन्हांत टाकून जातो तिसरा. आणि तिचा सांधा गळूं लागला म्हणजे त्यावर चिंधी बांधण्याचें काम बहुधा घरांतील वडील माणसाकडे येतें. पुढें कोणी तरी बाजारांतून नवा जोड आणतो, तो नळास बसत नाहीं. दुसरा आणावा तर तो नळास बसतो, पण नळीस बसत नाहीं. तिसऱ्यानें तेंहि जमतें, तर फवाऱ्याचें तोंड त्याला लागत नाहीं. कांहीं वर्षांत माळ्यावरचा एक डबा अशा बिनकामाच्या तुकड्यांनीं भरून जातो, आणि परसांतील अनंताच्या झाडास पाणी मात्र पूर्वीप्रमाणें बादलीनेंच घातलें जातें.

हा विषय मासिकांत लिहिण्याजोगा आहे काय, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. आमचें म्हणणें असें कीं, ज्या गोष्टीपायीं घराघरांतून रोज पाणी वाया जातें, भिंतींतील नळ पिळवटून फुटतात आणि एखादे वेळीं पिण्याच्या पाण्यांत बागेचें औषध उतरूं शकतें, ती क्षुल्लक मानून चालणार नाहीं. सांधा 'थोडासा गळतो' असें आपण म्हणतों, तेव्हां त्याखालीं एक लिटराचें भांडें ठेवून पाहावें. तें दहा मिनिटांत भरलें, तर तासाला सहा लिटर झाले. रोज दोन तास नळी चालू राहिली तर बारा, आणि वर्षाकांठीं चार हजारांहून अधिक. ज्या गांवांत वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथील वाचकांस याहून अधिक सांगण्याची जरुरी नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, नळापासून झाडापर्यंत जातांना पाण्यास निदान तीन सांधे ओलांडावे लागतात. एक, नळाच्या तोंडाशीं आट्यांचा सांधा. दुसरा, त्या जोडाचा नळीशीं होणारा सांधा. आणि तिसरा, नळीच्या दुसऱ्या टोकास झारी, फवारा किंवा पिचकारी जेथें लागते तो. या तिघांचीं मापें निरनिराळ्या रीतींनीं सांगितलीं जातात, आणि दुकानांत उभे राहून आपण मात्र एकच वाक्य बोलतों : "अर्धा इंची द्या." दुकानदार देतो तें अर्धा इंचीच असतें. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं.

नळीच्या बाबतींत अर्धा इंच म्हणजे तिच्या आंतल्या पोकळीचा व्यास. हें माप खरें असतें. पट्टी लावून पाहिल्यास तें साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरतें. परंतु नळाच्या आट्यांस जेव्हां अर्धा इंची म्हणतात, तेव्हां त्या आट्यांवर अर्धा इंच कोठेंहि सांपडत नाहीं. त्यांचा बाहेरचा व्यास २०.९५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनहि अधिक असतो. पाऊण इंची म्हणविणारे आटे २६.४४ मिलिमीटरचे, म्हणजे पुऱ्या इंचाहून मोठे. आणि एक इंची आटे ३३.२५ मिलिमीटरचे, म्हणजे सव्वा इंचाच्याहि पलीकडे गेलेले! याचा परिणाम मोठा मौजेचा होतो. जो गृहस्थ पट्टी घेऊन काळजीपूर्वक माप घेतो, तोच हटकून फसतो व अर्धा इंची नळासाठीं पाऊण इंची जोड घेऊन येतो; ज्यानें माप घेतलेंच नाहीं, तो निदान दैवयोगानें कधीं तरी बरोबर ठरतो.

या विसंगतीचें मूळ जुनें आहे. लोखंडी नळाचें नांव त्याच्या आंतल्या पोकळीवरून पडलें. आरंभीं नळाची भिंत पुष्कळ जाड असे; अर्धा इंच पोकळी, भोंवतीं जाड लोखंड आणि त्यावर बाहेरून पाडलेले आटे. पुढें लोखंड सुधारलें, पातळ भिंतीनें काम भागूं लागलें. परंतु बाहेरचें माप बदललें असतें, तर पूर्वीं पाडलेले सर्व आटे निरुपयोगी झाले असते. म्हणून बाहेरचें माप तसेंच ठेवून भिंत आंतून पातळ करण्यांत आली. वस्तु बदलली, नांव राहिलें.

या आट्यांच्या घराण्याचा मूळपुरुष जोसेफ व्हिटवर्थ हा इंग्रज यंत्रकार होय. त्याच्यापूर्वीं प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीप्रमाणें आटे पाडीत असे, आणि एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या चाकींत जाईल याची शाश्वती नसे. व्हिटवर्थनें निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांचीं मापें घेऊन सरासरी काढली, आणि १८४१ सालीं लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढें एक निबंध वाचून सर्वांसाठीं एकच पद्धति सुचविली. तींत आट्यांच्या दोन उतारांमधील कोन ५५ अंशांचा धरला आहे. नळांचे आटे पुढें याच धर्तीवर ठरले आणि इंग्रजी अमदानींत पाण्याच्या नळांबरोबर ते आपल्याकडे आले. आजहि आपल्या नळकाम करणाऱ्याच्या पेटींतील डाय हेच आटे पाडतो. मधल्या काळांत मिलिमीटर आले, कागदोपत्रीं 'पंधरा मिलिमीटरचा नळ' असें लिहिलें जाऊं लागलें, तरी बाजारांतून अर्धा इंच कांहीं गेला नाहीं. आणि हे पंधरा मिलिमीटरहि त्या आट्यांवर शोधून सांपडणार नाहींत, हें ओघानेंच आलें.

मग घरच्या घरीं माप घ्यावें कसें? ज्यांच्याकडे कॅलिपर आहे त्यांना प्रश्नच नाहीं. इतरांनीं कागदाची एक अरुंद पट्टी घ्यावी, ती नळाच्या आट्यांभोंवतीं घट्ट गुंडाळावी, जेथें एक पदर दुसऱ्यावर येतो तेथें टांचणीनें दोन्ही पदरांतून भोंक पाडावें, आणि पट्टी उलगडून दोन भोंकांतील अंतर मोजावें. तें ६६ मिलिमीटरच्या आसपास आलें तर नळ अर्धा इंची, ८३ आलें तर पाऊण इंची, आणि १०४ आलें तर एक इंची. हे तीन आकडे स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून ठेवण्याइतके उपयुक्त आहेत. चांगल्या बनावटीच्या जोडांच्या वेष्टनावर हल्लीं २१, २६.५ आणि ३३.३ असे मिलिमीटरचे आकडे छापलेले असतात. ते याच तीन मापांचे, थोडे गोळाबेरीज केलेले व्यास होत. इंचांचें नांव न घेतां दुकानदारास हेच आकडे सांगितले, तर पुष्कळ हेलपाटे वांचतील.

व्यास जुळला म्हणजे आटे जुळलेच, असें मात्र नव्हे. येथेंच खरा घोटाळा आहे, आणि त्याची प्रचीति ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत अशा घरांना अधिक येते. आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका घरीं पुतण्या अमेरिकेहून येतांना एक आकसणारी नळी घेऊन आला. पाणी सोडलें कीं ती तिप्पट लांब होते आणि बंद केलें कीं मूठभर होऊन बसते. घरांतील लहान मुलांना तर तो जादूचाच प्रयोग वाटला. तिचें पितळी तोंड परसांतील पाऊण इंची नळास लावूं लागले. दीडदोन फेरे तें अगदीं मित्रासारखें गेलें, आणि मग अडलें.

"काका, तिकडे घरोघरीं हीच बसते हो," पुतण्या म्हणाला.

"बसत असेल बाबा. पण आपला नळ इथला आहे," काका म्हणाले. तोंवर धाकट्या काकांनीं पान्हा आणला होता. पान्ह्यानें तोंड आणखी अर्धा फेरा गेलें खरें, पण तेवढ्यांत नळाचे आटे कापले गेले. ती नळी तर बसली नाहींच. पूर्वींची जुनी नळीहि त्या नळास पुन्हां नीट बसेना.

यांत चूक कोणाची नव्हती. दोष दोन देशांच्या आट्यांचा होता. अमेरिकेंतील बागेच्या नळीचे आटे २६.९९ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि आपले पाऊण इंची आटे २६.४४ चे. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु आपल्या नळावर एका इंचांत १४ आटे असतात, आणि अमेरिकेच्या बागेच्या नळीवर साडेअकरा. म्हणजे एका फेऱ्यांत आपला आटा १.८१ मिलिमीटर पुढें जातो, आणि त्यांचा २.२१. पहिल्या फेऱ्यांत चाळीस शतांश मिलिमीटरचें अंतर पडतें, तें ढिलेपणांत खपून जातें. तिसऱ्या फेऱ्याला तेंच अंतर सव्वा मिलिमीटरच्या घरांत पोंचतें, आणि एकाची धार दुसऱ्याच्या धारेवर येऊन बसते. सुरुवातीस आटे सुरळीत गेले ही गोष्ट म्हणूनच पुरावा धरूं नये. तीन पूर्ण फेरे नुसत्या बोटांनीं, जोर न लावतां गेले, तरच तो जोड त्या नळाचा आहे असें समजावें.

आट्यांची संख्या मोजण्याचीहि सोपी युक्ति आहे. जाड कागद किंवा पुठ्ठ्याचा तुकडा आट्यांवर उभा दाबून धरला कीं त्यावर रेघा उमटतात. अर्ध्या इंचांत सात रेघा आल्या, तर आटे आपले. सहाहि पुऱ्या भरल्या नाहींत, तर ते अमेरिकेच्या बागेचे. याशिवाय अमेरिकेंत घराच्या नळांना लागणारे आणखी एक निराळे आटे आहेत. त्यांच्या अर्धा आणि पाऊण इंची मापांत इंचाला १४ च आटे असतात, व्यासहि आपल्याशीं जवळजवळ मिळतो. पण उतारांचा कोन ६० अंशांचा. हा कोन फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यानें १८६४ त सुचविला. हे आटे आपल्या आट्यांत पुष्कळ आंतपर्यंत जातात, सर्व ठीक झालेंसें वाटतें, आणि मग थेंब थेंब गळत राहतात. उघड शत्रूपेक्षां असला मित्र अधिक त्रासाचा.

उपाय एकच. एका तोंडाला अमेरिकेचे साडेअकरा आटे आणि दुसऱ्या तोंडाला आपले पाऊण इंची आटे असलेला पितळी जोड मिळतो. अमेरिकेंतून नळी किंवा फवारा आणवावयाचा असेल, तर तो जोडहि त्याच खेपेस आणावयास सांगावें. इंग्लंडांतील नातलगांकडून वस्तु येत असेल तर ही अडचण सहसा येत नाहीं. तेथील बागेच्या नळाचे पाऊण इंची आटे आपल्याच कुळांतले आहेत.

आट्यांच्या या भिन्नतेनें एकदां केवढा अनर्थ ओढवला, तें आतां सांगतों. १९०४ सालीं फेब्रुवारीच्या ७ तारखेस, रविवारीं सकाळीं, अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराच्या व्यापारी भागांत आग लागली. वारा होता, इमारती दाटीच्या होत्या, आणि शहराचे बंब थोडक्याच वेळांत अपुरे पडले. तारा गेल्या, वॉशिंग्टनहून आगगाडीनें बंब आले, मागाहून फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथूनहि आले. रस्त्याच्या कडेच्या नळांत पाणी होतें, बंब तयार होते, माणसें अनुभवी होतीं. पण पाहुण्या बंबांच्या नळ्यांचीं तोंडें बाल्टिमोरच्या नळांस लागेनात! प्रत्येक शहरानें आपले आटे आपल्यापुरते ठरविलेले. अमेरिकेंत त्या काळीं आगीच्या नळ्यांचे सहाशेंहून अधिक निरनिराळे सांधे प्रचारांत होते. आग सुमारें तीस तास चालली. दीड हजारांहून अधिक इमारती आणि सुमारें १४० एकरांचा भाग जळून गेला.

पुढच्याच वर्षीं, १९०५ त, अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेनें अडीच इंची नळीसाठीं इंचाला साडेसात आटे असें एक प्रमाण ठरविलें. प्रमाण ठरलें म्हणून सर्वांनीं लगेच पाळलें असें मात्र झालें नाहीं. १९९१ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या टेकड्यांवर भयंकर वणवा पेटला आणि २५ माणसें दगावलीं. तेव्हां बाहेरून आलेल्या बंबांना असें आढळून आलें कीं, आपल्या नळ्या अडीच इंची आणि ओकलंडचे नळ तीन इंची. त्या वणव्यास इतर कारणें पुष्कळ होतीं. तरी सत्त्याऐंशीं वर्षांनीं पुन्हां तोच प्रकार व्हावा, यावरून जुनी नळजोडणी बदलण्याचा माणसाला किती कंटाळा असतो हें दिसतें. आपल्या माळ्यावरचा डबा ही त्याच कंटाळ्याची घरगुती आवृत्ति होय.

आतां घराकडे वळूं. आटे जुळले तरी सांधा गळतो, तेव्हां दोष बहुधा आंतल्या रबरी चकतीचा, म्हणजे ज्याला आपण वायसर म्हणतों त्याचा असतो. बागेच्या जोडांत पाणी आटे अडवीत नाहींत. आट्यांचें काम एवढेंच कीं, जोडास नळाच्या कडेवर दाबून धरावें. पाणी अडवितो तो वायसर. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळजण अशा जोडावर पांढऱ्या टेफ्लॉन फितीचे वीस वीस वेढे देतात, आणि आंत वायसर आहे कीं नाहीं हें पाहतहि नाहींत. फीत जेथें खरोखर लागते तें ठिकाण निराळें आहे. भिंतींतून येणाऱ्या नळाचे आटे टोकाकडे किंचित् निमुळते असतात. तेथें आटेच आट्यांत रुतून पाणी थांबवितात, आणि राहिलेली फट फितीनें भरून निघते. पूर्वीं हें काम सफेदा आणि धाग्यानें होत असे, व कांहीं जुने कारागीर आजहि तेंच पसंत करतात. फीत गुंडाळावयाची ती जोड ज्या दिशेनें फिरवून बसवितात त्याच दिशेनें. उलट गुंडाळली तर बसवितांना ती चुरगळून बाहेर येते. वायसर मात्र दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाशीं बदलावा. त्याला पडणारे पैसे इतके थोडे असतात कीं, त्यांत काटकसर करणें हास्यास्पद होय.

हल्लीं बहुतेक ठिकाणीं आट्यांऐवजीं 'टक्' आवाज करून बसणारे प्लॅस्टिकचे जोड दिसतात. ही पद्धति जर्मनींतील उल्म शहराच्या गार्डेना कंपनीनें १९६८ त बाजारांत आणली, आणि पुढें तिच्या मापाबरहुकूम अनेकांनीं जोड काढले. एकाचें नाक दुसऱ्याच्या तोंडांत बहुधा बसतें. बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, नाकाभोंवतींची रबरी कडी कोठें जाड, कोठें पातळ असते. शिवाय कांहीं जोडांत, तोंड काढतांच पाणी आपोआप थांबविणारी झडप असते. समोरचें नाक आंत शिरून तिला ढकलील तेव्हांच ती उघडते. दुसऱ्या बनावटीचें नाक किंचित् आखूड असलें, तर जोड 'टक्' म्हणून बसतो, पण पाणी येत नाहीं. आणि आपण उगीच नळास व टाकीस दोष देत बसतों. असा प्रकार झाल्यास झडप नसलेला साधा जोड लावून पाहावा, म्हणजे उलगडा होतो.

नळीच्या टोकाविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. दांतेरी नाकावर नळी चढत नसली तर तिचें टोक कढत पाण्यांत मिनिटभर धरावें, तें मऊ होऊन सहज चढतें. तेल किंवा साबण लावल्यास चढतें हें खरें, पण तितक्याच सहज निसटतेंहि. वरून स्क्रूची पोलादी क्लिप आवळावी. ही क्लिप लम्ली रॉबिन्सन नांवाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें १९२१ त काढली, आणि शंभर वर्षांत तिच्याहून सोयीचें कांहीं निघालेलें आम्हांस ठाऊक नाहीं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिच्या खालोखाल उपयोगाची, सुतळी मात्र सर्वांत कनिष्ठ.

नळास मुळीं आटेच नसतील तर? स्वयंपाकघरांतील व मोरींतील नव्या तऱ्हेच्या नळांच्या टोकास जाळीचें टोपण असतें. तें फिरवून काढल्यास आंत बारीक आटे दिसतात. हे नळाच्या बाहेरच्या अंगास असतील तर बहुधा २२ मिलिमीटरचे, आंतल्या अंगास असतील तर २४ चे. त्यांना लागणारे जोड मिळतात. परंतु अशा नाजूक नळास बागेच्या नळीचा भार लावणें आम्हांस पसंत नाहीं. परसांत एक स्वतंत्र, आट्यांचा पितळी नळ बसवून घ्यावा हें बरें. आणि घरांत बाहेरचे नळ दोनतीन असतील, तर त्या सर्वांस एकदांच, एकाच दिवशीं, एकाच बनावटीचें नाक बसवून टाकावें. मग नळी कोणींहि कोठेंहि लावावी. नवीन फवारा आणणाऱ्यानें त्या एका नाकाशीं जुळवून आणावा, एवढाच नियम घरांत राहतो. एकत्र कुटुंबांत नियम जितके थोडे, तितके ते अधिक पाळले जातात.

फवारा किंवा फिरती झारी घेतांना आणखी एका गोष्टीकडे लक्ष असावें. सांधे सारे जुळले, पाणी आलें, पण झारी फिरेचना, अशी तक्रार पुष्कळ ऐकूं येते. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीला एक 'बार' हा ढोबळ हिशेब. दुमजली घराच्या गच्चीवरील टाकी परसांतील नळाच्या वर सहासात मीटर असते. वेष्टनावर दोन बार लिहिलें असेल, तर ती झारी वीस मीटर उंचीच्या टाकीसाठीं किंवा पंपासाठीं बनविलेली आहे. ती आपल्या नळावर फिरणार नाहीं, आणि त्याचा दोष जोडावर ढकलण्यांत अर्थ नाहीं. नळी लांब असली तर ती पाऊण इंची घ्यावी. तेवढेंच पाणी वाहत असतां पाऊण इंची नळींत घर्षणानें वाया जाणारा दाब अर्धा इंची नळीच्या सुमारें एक अष्टमांश असतो.

जोर करण्याविषयीं मात्र आम्ही थोडें आग्रहानें लिहितों. न बसणारा जोड पान्ह्यानें आवळूं लागलें कीं फिरतो तो जोड नव्हे, तर भिंतीच्या आंतला नळ. जुन्या वाड्यांतील लोखंडी नळ आट्यांपाशीं गंजून आधींच पातळ झालेला असतो. तो तेथेंच तुटतो, आणि मग सबंध घराचें पाणी बंद करून भिंत फोडावी लागते. नव्या घरांतील प्लॅस्टिकच्या नळांची तऱ्हा निराळी. त्यांच्या सॉकेटमध्यें धातूचे निमुळते आटे जोरानें घातले तर सॉकेट तेव्हांच न फुटतां कांहीं दिवसांनीं रात्रींबेरात्रीं उभें चिरतें. अशा ठिकाणीं आंत पितळी आटे बसविलेलें सॉकेटच वापरावें. कोंकणांतील वाचकांनीं ॲल्युमिनियमचा जोड पितळी नळास लावूंच नये. खाऱ्या दमट हवेंत त्या दोन धातूंच्या संयोगानें ॲल्युमिनियम झिजून भुकटी होते व जोड नळास असा चिकटतो कीं, पुढें तो कापूनच काढावा लागतो. पितळेस पितळ लावावें, नाहीं तर प्लॅस्टिक. आणि फवाऱ्याचें तोंड मिटून, नळ मात्र चालू ठेवून, नळी दुपारच्या उन्हांत टाकूं नये. नळी तापून मऊ होते, आंतला दाब तसाच असतो, आणि घरांतील सर्वजण वामकुक्षी करीत असतां सांधा उडून टाकी रिकामी होते.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा आहे, आणि नळी जितकी पक्की बसेल तितका तो महत्त्वाचा होतो. गळका सांधा हवा आंत घेतो. घट्ट सांधा घेत नाहीं. खताचें किंवा कीटकनाशकाचें पाणी कालविण्यासाठीं नळीचें तोंड पिंपांत बुडवून ठेवलें असेल, आणि त्याच वेळीं टाकी रिकामी झाली किंवा खालच्या मजल्यावर कोणी मोठा नळ सोडला, तर पिंपांतील पाणी त्याच नळीवाटे उलट दिशेनें घराच्या नळांत ओढलें जाऊं शकतें. तें पुढें कोणाच्या तांब्यांत येईल हें सांगतां येत नाहीं. म्हणून पिंप भरतांना नळीचें तोंड पाण्यांत न बुडवितां पिंपाच्या कांठाहून चार बोटें वर धरावें, आणि परसांतील नळ व नळी यांच्यामध्यें पाणी एकाच दिशेनें जाऊं देणारी झडप बसवून घ्यावी. ती अर्धा आणि पाऊण इंची, दोन्ही मापांत मिळते. तिच्यावर एक बाण कोरलेला असतो. बसवितांना त्याचें टोंक झाडांकडे आहे ना, हें मात्र स्वतः पाहावें.